आचार्य धर्मानंद कोसंबी : एक धम्मशोधक जीवन

स्मरणिका समितीने आमच्याकडे एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र मागितले, तेव्हा प्रथम मनात आले ते अर्थातच बाबासाहेबांचे नाव. परंतु या अंकात बाबासाहेबांवर लिहिणारे हात अनेक असतील, आणि ते असावेत. म्हणून आम्ही अशा एका माणसाची निवड केली, ज्याची पुस्तके आपल्या समाजातील अनेक घरांत पोहोचली, परंतु ज्याच्या आयुष्याविषयी आपण क्वचितच बोलतो. आचार्य धर्मानंद कोसंबी हे ते नाव. ते जन्माने गौड सारस्वत ब्राह्मण होते, राजकारणाने गांधीजींच्या बाजूचे होते आणि त्यांचा शेवट सेवाग्रामच्या आश्रमात झाला. ही तिन्ही कारणे आमच्यासारख्या आंबेडकरी घरात वाढलेल्या माणसाच्या मनात अढी निर्माण करण्यास पुरेशी होती. ती अढी आमच्या मनात बरीच वर्षे होती, हे आम्ही प्रथमच कबूल करतो.

ती सुटण्याचे निमित्त वर्गातील एका मुलीने घडवले. सिद्धार्थाच्या गृहत्यागाचा पाठ चालू होता. वृद्ध, रोगी, प्रेत आणि संन्यासी ही चार दृश्ये आम्ही फळ्यावर लिहिली, तोच तिने विचारले की, एकोणतीस वर्षांच्या माणसाने त्याआधी एकही म्हातारा पाहिला नव्हता काय, आणि त्याच्या घरात त्याचे वडील कोण होते? वर्ग हसला. आम्हाला मात्र हसू आले नाही, कारण नेमका हाच प्रश्न बाबासाहेबांनी आपल्या अखेरच्या ग्रंथाच्या प्रास्ताविकात उभा केलेला आहे, आणि त्यांच्याही आधी तो मराठीत एका माणसाने सविस्तर मांडला होता. त्या माणसाकडे आम्ही तेथून वळलो.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी झाला. गोवा तेव्हा पोर्तुगिजांच्या अमलाखाली होता. घरची स्थिती बेताची, मुलाची प्रकृती तोळामासा, गावात नीट शाळा नाही. जे शिक्षण झाले ते तुटक आणि थोडे. पुढे जो मनुष्य हार्वर्ड विद्यापीठात पाली ग्रंथांचे संपादन करणार होता, त्याच्याजवळ सांगण्यासारखी एकही परीक्षा नव्हती, ही गोष्ट आम्ही आमच्या दहावीच्या मुलांना दरवर्षी सांगतो. नारळीच्या बागेची देखरेख करीत, हाती लागेल ते मराठी पुस्तक वाचीत हा तरुण वाढला. चिखली येथील लाड घराण्यातील बाळाबाईंशी १८९१ साली त्यांचा विवाह झाला, तेव्हा ते पंधरा वर्षांचेही नव्हते.

अशा दिवसांत ‘बालबोध’ या मुलांसाठी निघणाऱ्या मराठी मासिकाचा एक अंक त्यांच्या हाती आला आणि त्यात बुद्धाचे छोटेसे चरित्र होते. विद्वानांचा ग्रंथ नव्हे, मुलांचे मासिक! त्या चार पानांनी या तरुणाचे मन असे धरले की, बुद्धाचा धर्म मुळातून जाणून घ्यायचा, मग त्यासाठी भीक मागावी लागली तरी चालेल, असा निश्चय त्याने केला. १८९९ साली त्यांना माणिक ही पहिली कन्या झाली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ते संस्कृत शिकण्यासाठी घर सोडून पुण्याला निघाले.

येथे आम्हाला थांबणे भाग आहे. पाळण्यात तान्हे मूल आहे, पत्नी तरुण आहे, घरात पैसा नाही आणि कर्ता पुरुष ज्ञानासाठी बाहेर पडतो आहे. थोरांची चरित्रे लिहिणारे या जागेवरून भराभर पुढे जातात. आमच्या वसतिगृहातील मुलांना मात्र घर सोडणे म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. जून महिन्यात पत्र्याची पेटी घेऊन आलेले पाचवीचे मूल पहिले आठ दिवस रात्री उशीत तोंड खुपसून रडते, आणि त्याला सोडून एस.टी.त बसलेली आईही फाट्यापर्यंत रडतच जाते. ते मूल दिवाळीला घरी जाते. धर्मानंद सात वर्षे गेले नाहीत. बाळाबाईंनी ती वर्षे कशी काढली असतील, हा विचार बाजूला ठेवून धर्मानंदांच्या ज्ञानतृष्णेचे गोडवे गाणे आम्हाला जमत नाही. त्या ज्ञानाची अर्धी किंमत त्या माउलीने भरली, एवढे तरी नोंदवून ठेवले पाहिजे.

पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचा आधार मिळाला. परंतु शिक्षणाची सोय होईना, म्हणून ग्वाल्हेरमार्गे ते काशीला गेले. तेथे अन्नछत्रात जेवावे, गंगाधरशास्त्री तेलंगांसारख्या पंडितांकडे संस्कृत शिकावे, आणि थंडीत अपुऱ्या पांघरुणात रात्र काढावी, असा क्रम चालला. संस्कृत येऊ लागले, पण बुद्ध भेटेना. ज्या काशीजवळ सारनाथ येथे तथागतांनी पहिले प्रवचन दिले, त्याच काशीत बुद्धाचे मूळ ग्रंथ शिकवणारा गुरू नव्हता. भारताने आपल्या सर्वश्रेष्ठ पुत्राला किती पूर्णपणे विसरून टाकले होते, हे समजण्यासाठी एवढी एक गोष्ट पुरेशी आहे.

१९०२ साली ते नेपाळला गेले. ज्या भूमीत बुद्ध जन्मला तेथे धम्म जिवंत असेल, ही आशा होती. तेथील धर्माची अवकळा पाहून ते खिन्न होऊन परतले. बुद्धगयेला कोणी तरी सिंहलद्वीपाचा मार्ग सांगितला. कलकत्त्याहून ते कोलंबोला पोहोचले आणि विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली त्यांनी पाली शिकण्यास आरंभ केला. तेथेच त्यांनी श्रामणेर दीक्षा घेतली. पुढे मद्रास, ब्रह्मदेश, कुशीनारा अशी भ्रमंती झाली. ब्रह्मदेशात त्यांनी ध्यानाचाही अभ्यास केला. गोव्याच्या खेड्यातील एक अर्धशिक्षित तरुण समुद्र ओलांडून, परक्या लिपीत, परक्या अन्नावर, आपल्याच देशातील हरवलेली वस्तू शोधत होता.

१९०६ साली ते कलकत्त्यास आले, चीवर ठेवून गृहस्थ झाले आणि पत्नी व मुलगी त्यांना पुन्हा भेटल्या. पुढील वर्षी पुत्र दामोदर जन्मला. हाच पुढे गणिती आणि इतिहासकार म्हणून जगाला ठाऊक झालेला दामोदर धर्मानंद कोसंबी. कलकत्त्याच्या राष्ट्रीय महाविद्यालयात आणि नंतर विद्यापीठात त्यांना पाली शिकवण्याचे काम मिळाले. संसार मार्गी लागण्याची चिन्हे दिसू लागली. परंतु आपल्या मराठी माणसांना बुद्ध समजावा, ही तळमळ स्वस्थ बसू देईना. अशा वेळी बडोद्याचे सयाजीराव महाराज पुढे आले. महाराष्ट्रात राहून धम्मावर लेखन करावे, एवढ्या बोलीवर त्यांनी दरमहा ५० रुपये देऊ केले, आणि धर्मानंदांनी त्याहून कितीतरी अधिक वेतनाची कलकत्त्याची नोकरी सोडून ते स्वीकारले. याच सयाजीरावांनी काही वर्षांनी, १९१३ साली, भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाला अमेरिकेत शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. आपल्या धम्माच्या आधुनिक इतिहासात त्या राजाचे ऋण असे दोनदा लिहावे लागते.

भांडारकरांनी त्यांची गाठ हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स वुड्स यांच्याशी घालून दिली. तेथे बुद्धघोषाचार्यांच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाचे संपादन हेन्री क्लार्क वॉरन यांच्या निधनामुळे अपुरे राहिले होते. ते पुरे करण्यासाठी धर्मानंद १९१० साली अमेरिकेला गेले. काम त्यांनी केले, परंतु ग्रंथाच्या मुखपृष्ठावर नाव कोणाचे आणि कसे यावे, यावरून प्रा. लॅनमन यांच्याशी मतभेद झाला आणि १९१२ साली ते परत आले. श्रम एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, हा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही. म्हणून स्वाभिमानासाठी हार्वर्ड सोडणारा हा माणूस आम्हाला तेथे फार जवळचा वाटला. त्या कामासाठी पुढे ते आणखी तीन वेळा अमेरिकेला गेले. १९१८ च्या फेरीत माणिक आणि दामोदर या मुलांना त्यांनी बरोबर नेले, आणि माणिकने तेथे उच्च शिक्षण घेतले. ज्या मुलीला तान्हेपणी सोडून गेले, तिला पुढे महासागरापलीकडे शिकायला नेले, ही गोष्ट बाळाबाईंच्या खात्यावर किती जमा धरावी, ते वाचकांनी ठरवावे.

पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात १९१२ ते १९१८ या काळात त्यांनी पाली शिकवली आणि पु. वि. बापट, ना. के. भागवत यांसारखे अभ्यासक घडवले. मुंबई विद्यापीठात पालीला स्थान मिळाले, त्यामागेही त्यांची खटपट होती. नंतर अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात ते काही वर्षे होते. १९२९ साली ते रशियात लेनिनग्राडला जाऊन आले. समाजवादाकडे ते आस्थेने पाहत. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहात उतरून त्यांनी तुरुंगवासही पत्करला. ‘बुद्ध, धर्म आणि संघ’, ‘बुद्धलीलासारसंग्रह’, ‘बौद्धसंघाचा परिचय’, ‘निवेदन’ हे आत्मचरित्र, ‘हिंदी संस्कृति आणि अहिंसा’ अशी त्यांची पुस्तके निघत राहिली. बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्याला धर्मांतराची घोषणा केली, त्यानंतर दोन वर्षांतच धर्मानंदांनी मुंबईत परळच्या कामगार वस्तीत ‘बहुजन विहार’ उभारला. पैसा बिर्लांचा होता, वस्ती श्रमिकांची आणि अस्पृश्यांची होती. ते तेथे फार काळ राहिले नाहीत. धनिकाच्या दानावर उभा राहिलेला विहार आणि ब्राह्मणी परंपरेची परखड चिकित्सा करणारी लेखणी यांचा संसार फार दिवस चालणे कठीणच होते, असे आम्हाला वाटते.

आता त्यांच्या ज्या ग्रंथामुळे आम्ही हे सारे लिहीत आहोत, त्याकडे येऊ. ‘भगवान बुद्ध’ हा ग्रंथ नागपूरच्या सुविचार प्रकाशन मंडळाने १९४०-४१ च्या सुमारास दोन भागांत प्रसिद्ध केला. त्यात धर्मानंदांनी चमत्कार आणि अलंकार बाजूला सारून, त्रिपिटकातील प्राचीन वाटणाऱ्या सुत्तांच्या आधारे बुद्धाचे मानवी चरित्र उभे केले. चार दृश्यांची कथा त्यांना मान्य नव्हती. सुत्तनिपातातील अत्तदण्ड सुत्ताकडे त्यांनी लक्ष वेधले. त्या सुत्तात तथागतांनी आपल्या वैराग्याचे कारण वेगळेच सांगितले आहे : थोड्या पाण्यात तडफडणाऱ्या मासळीप्रमाणे माणसे एकमेकांशी झगडताना पाहून आणि शस्त्र हाती घेण्यातून निर्माण होणारे भय जाणून त्यांना उद्वेग आला. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून होणाऱ्या कलहाशी धर्मानंदांनी ही गोष्ट जोडली आणि पुढे ‘बोधिसत्त्व’ या नाटकात तीच कल्पना रंगवली. बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातही रोहिणीच्या पाण्याचा तंटा, युद्धाला सिद्धार्थाचा विरोध आणि त्यातून आलेला देशत्याग हेच कारण आहे. मात्र बाबासाहेबांनी तेथे संघाची सभा, ठराव आणि बहुमत यांना केंद्रस्थान दिले. धर्मानंदांच्या सिद्धार्थाला हिंसेचा उबग आला. बाबासाहेबांचा सिद्धार्थ बहुमताच्या अन्यायापुढे एकटा उभा राहून त्याची शिक्षा स्वतःवर घेतो. हा फरक लहान नाही. ज्याने आयुष्यभर सभागृहात अल्पमतात उभे राहून झुंज दिली, त्यालाच तो दिसू शकला.

आणखी एक गोष्ट. मध्यरात्री झोपलेल्या पत्नीला व बाळाला पाहून चोरपावलांनी निघून गेलेला राजपुत्र धर्मानंदांनी नाकारला. अरियपरियेसन सुत्ताच्या आधारे त्यांनी दाखवले की, आईवडील समोर रडत असताना, त्यांच्या डोळ्यांदेखत सिद्धार्थाने प्रव्रज्या घेतली. स्वतः तान्ह्या मुलीला मागे ठेवून निघालेल्या माणसाने हे वाक्य शोधून काढून पुढे मांडावे, यात त्यांच्या स्वतःच्या मनातील सल असेल काय? हा आमचा केवळ तर्क आहे. पण तो पाठ शिकवताना तो दरवेळी मनात येतो.

मांसाहाराच्या प्रश्नावर तर त्यांनी मोठेच वादळ ओढवून घेतले. पावा येथे चुंद लोहाराने दिलेल्या अखेरच्या भोजनात सूकरमद्दव होते. त्याचा अर्थ काय, यावर प्राचीन टीकाकारांतही मतभेद आहेत. कोणी डुकराचे मांस म्हणतात, कोणी एखादी वनस्पती. धर्मानंदांनी पहिला अर्थ स्वीकारला. इतकेच नव्हे, तर प्राचीन काळी जैन श्रमणही मांस घेत असत, असे त्यांनी जैन आगमांचे आधार देऊन लिहिले. जैन समाजात क्षोभ उसळला. ज्यांची मने दुखावली ती भली माणसे होती, आणि जैन विद्वानांत धर्मानंदांचे जिवलग मित्र होते. तरीही पुराव्याने जे दिसले ते त्यांनी मागे घेतले नाही. अहिंसेचे ते स्वतः कट्टर उपासक होते, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. आपल्या आवडीच्या तत्त्वाला गैरसोयीचा असलेला पुरावा त्यांनी लपवला नाही. आमच्या आजोबांच्या पिढीला ताटातल्या अन्नावरून गावाबाहेर ठेवले गेले होते. सुत्तनिपातातील आमगंध सुत्त सांगते की, दुर्गंधी मांसाची नसते. क्रौर्य, कपट आणि लोभ यांची असते. ताटावरून माणसाची शुद्धता ठरवणाऱ्या देशात हा विषय पुराव्यानिशी मांडणे धाडसाचे होते, आणि जन्माने ब्राह्मण असलेल्या माणसाने मांडले म्हणून ते धाडस कमी होत नाही.

आणि आता त्यांचा शेवट, जो आम्हाला आजही अस्वस्थ करतो.

उतारवयात धर्मानंद पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्माकडे ओढले गेले होते. अहिंसा, सत्य, अस्तेय आणि अपरिग्रह या चार यामांना बुद्धाच्या समाधीची आणि प्रज्ञेची जोड दिली, तर साऱ्या मानवजातीला पुरेसा धर्म होईल, असे त्यांना वाटे. शरीर आजारांनी जर्जर झाले. आता आपल्या हातून काम होत नाही, उलट इतरांना सेवा करावी लागते, तेव्हा अन्नत्याग करून देह सोडावा, असे त्यांनी ठरवले. १९४६ साली दोहरीघाट येथे त्यांनी उपोषण आरंभले, ते गांधीजींच्या आग्रहावरून थांबवले. पुढील वर्षी सेवाग्राम येथे त्यांनी पुन्हा अन्न सोडले, आणि सुमारे महिनाभराने, ४ जून १९४७ रोजी, शांतपणे प्राण सोडला. अंत्यविधी कमीत कमी खर्चाचा असेल तो करावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

हा मृत्यू जैन सल्लेखनेच्या परंपरेतला आहे, बुद्धाच्या नव्हे. बुद्धाने सहा वर्षे देहदंड करून तो व्यर्थ ठरवला आणि सुजाताच्या हातची खीर घेतली. मध्यम मार्ग तेथूनच सुरू होतो. शरीराची किळस येऊन भिक्खूंनी जीव दिले, तेव्हा तथागतांनी मरणाची प्रशंसा करणेही संघातून बाहेर घालवणारा अपराध ठरवला आणि उरलेल्यांना श्वासावरील स्मृती शिकवली. असाध्य रोगाने गांजलेल्या वक्कलीसारख्या भिक्खूंच्या बाबतीत मात्र पाली ग्रंथ कठोर शब्द वापरत नाहीत. म्हणजे तेथेही उत्तर एका ओळीचे नाही. शिवाय आपल्या समाजाच्या मनात प्राणांतिक उपोषण म्हटले की १९३२ चे येरवडे उभे राहते, आणि त्या उपोषणाने बाबासाहेबांच्या हातून काय काढून घेतले ते आठवते. सेवाग्राम म्हटल्यावर आमच्याही कपाळावर आठी पडली होती. पण नीट पाहिले, तर या दोन उपोषणांत एक भेद आहे. येरवड्याचे उपोषण दुसऱ्याने काही करावे यासाठी होते. धर्मानंदांनी कोणाकडे काहीच मागितले नाही. स्वतः गांधीजींनी एकदा अडवले असतानाही ते आपल्या वाटेने गेले. आम्ही त्यांचा निर्णय मान्य करू शकत नाही. आजारी, थकलेल्या माणसाला इतरांवर आपला भार वाटू नये, अशी व्यवस्था उभारणे हा धम्म आहे, असे आम्ही मुलांना शिकवतो. तरी त्या महिनाभराच्या शांततेपुढे आमचा युक्तिवाद थोडा मोठ्या आवाजातला वाटतो, हेही खरे.

त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९४९ साली, ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ आणि ‘बोधिसत्त्व’ ही पुस्तके निघाली. ‘विसुद्धिमग्ग’ची हार्वर्डची आवृत्ती १९५० साली प्रसिद्ध झाली, तिच्या मुखपृष्ठावर वॉरन यांच्याबरोबर धर्मानंद कोसंबी हे नाव आहे, मात्र ते पाहायला धर्मानंद नव्हते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लक्षावधी माणसांनी बुद्धाला शरण जाऊन घरी परतताना, बुद्धाविषयी मराठीत वाचायला काय आहे याचा शोध सुरू केला, तेव्हा त्याच नागपुरात पंधरा वर्षांपूर्वी निघालेला ‘भगवान बुद्ध’ हा ग्रंथ तयार होता. आपल्या शाळेच्या ग्रंथालयातील त्याची प्रत आता सुटी झाली आहे, पाने दोऱ्याने बांधून ठेवावी लागतात. त्या मुलीला आम्ही तीच नेऊन दिली होती. तिने ती उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी नेली आणि जूनमध्ये परत आणली, तेव्हा गृहत्यागाच्या प्रकरणात एस.टी.चे एक जुने तिकीट खूण म्हणून घातलेले होते.